वखारीतलं अमेरिकन भूत

हुदलीकर सरांचा तास सुरू व्हायच्या आधी आमचा शिपाई सिद्राम मॅट्रिकच्या वर्गाच्या पाचही खिडक्या लावून घ्यायचा. ह्याला आमच्या शाळेत 'वातावरण लावणं' म्हणत. दुपारचे बारा वाजलेले असत, निपाणीचं ऊन कौलांवर तडतडत असे आणि आत चाळीस मुलं अंधारात घामानं थबथबत बसलेली असत. मग दार हळूहळू उघडायचं. करकरायचं. दारात हुदलीकर सर. गळ्यापर्यंत बटणं लावलेला काळा कोट, काळी टोपी, काखेत एक जाडजूड पुस्तक आणि चेहऱ्यावर कुणीतरी गेल्याची बातमी. पाय न वाजवता ते टेबलापर्यंत यायचे आणि खालच्या आवाजात विचारायचे, "मुलांनो, ह्या घरात आपल्याशिवाय आणखी कोण आहे?"

"पलीकडं गणिताचं सर हाईत की ओ," मागच्या बाकावरून उत्तर यायचं.

ते गणिताचे सर म्हणजे मी. आमच्या दोन वर्गांमध्ये एक लाकडी पडदी होती आणि तिच्यातून सगळं ऐकू यायचं. मी फळ्यावर त्रिकोण काढत असलो की पलीकडे कुणीतरी जिना चढत असायचं, वारा घोंगावत असायचा, एखादी बाई हुंदके देत असायची. जिना, वारा आणि बाई, तिन्ही हुदलीकर सरच. माझ्या मुलांचं अर्धं लक्ष तिकडेच. एकदा एकाला मी विचारलं, "ह्या दोन रेषा कुठं मिळतील?" तर तो म्हणाला, "वरच्या खोलीत, सर."

हे सगळं ज्या पुस्तकासाठी चालायचं ती अमेरिकेतली एक जुनी कादंबरी होती. विद्यापीठानं जादा वाचनासाठी चार पुस्तकं सुचवली होती, त्यातलं एक शाळेनं निवडायचं. बाकीच्या शाळांनी बोटीच्या सफरीचं एक पातळसं पुस्तक घेतलं आणि सुटल्या. हुदलीकर सरांनी सगळ्यांत जाड घेतलं. मुंबईच्या दुकानदाराकडे चाळीस प्रती मागवल्या, आली एक. बाकीच्या येतायत येतायत म्हणत तीन वर्षं गेली. सरांना त्याचं दुःख नव्हतं. एकच प्रत, तीही आपल्या काखेत, म्हणजे शेवट काय होतो ते अख्ख्या निपाणीत त्यांच्या एकट्याच्या ताब्यात.

गोष्ट थोडक्यात अशी. एका टेकडीवर एक मोठं घर. वरच्या मजल्यावर एक बंद दार. दाराआड चाहूल लागते, पण तिथं राहत तर कुणीच नाही. गावातले लोक म्हणतात, घरधन्याची थोरली बहीण वीस वर्षांपूर्वी वारली, तीच फिरते. शेवटच्या प्रकरणात दार फोडतात तेव्हा कळतं की बहीण मेलेलीच नव्हती. घराण्याच्या अब्रूपायी तिला आत कोंडली होती आणि बाहेर मेली म्हणून सांगितलं होतं.

असल्या कादंबरीला गॉथिक म्हणतात, असं सरांनीच आम्हाला सांगितलं. गॉथिकची सहा अंगं ते बोटांवर मोजून दाखवत. जुनं घर, बंद दार, वारा, सावली, शाप. हाताला बोटं पाचच, म्हणून सहाव्या अंगाच्या वेळी ते डोक्यावरची टोपी उचलायचे आणि टकलावर बोट ठेवून म्हणायचे, "रहस्य!"

मुलांना 'गॉथिक' म्हणता येत नव्हतं. एके दिवशी भरमू मगदूम उभा राहिला. तंबाखूचे मोठे व्यापारी मगदूम अण्णा, त्यांचा हा मुलगा. त्यानं विचारलं, "सर, गोठिक म्हंजे गोठ्यातलं व्हय?"

वर्ग फिसफिसला. पडदीच्या अलीकडे मलाही हसू आलं. दुसरा कुणी मास्तर असता तर भरमूला छडी बसली असती. हुदलीकर सरांनी विचारलं, "तुझ्या घरी गोठा आहे?"

"हाय की. सा म्हशी हाईत."

"दिवेलागणीच्या आधी एकटा गेलायस कधी?"

"रोज जातो, वैरण टाकाय."

"आत गेल्या गेल्या काय होतं?"

भरमूनं डोकं खाजवलं. "काळामिट्ट अंधार असतोय सर. आनि कोनतरी लई मोठ्यानं श्वास घेतंय. म्हसच असती ती, मला ठाव हाय. पर कंदील लावस्तवर म्हस हाय असं वाटत न्हाय."

 पलीकडून सरांचा आवाज आला, "बस खाली. मला हे तीन तासांत सांगता आलं नव्हतं. कंदील लावेपर्यंत जे वाटतं ना, ते गॉथिक."

त्या दिवसापासून शब्द 'गोठिक' असाच रूढ झाला. गावातल्या बायकाही पोरांना दम द्यायला लागल्या, "गप ऱ्हा, न्हायतर गोठिकात बसवीन."

एवढं भय शिकवणारा हा माणूस स्वतः कमालीचा भित्रा होता. पालीला भ्यायचा, बैलाला भ्यायचा, सायकलला तर उभी असतानाही भ्यायचा. शिक्षकांच्या खोलीत पाल दिसली की सर दोन्ही पाय खुर्चीवर घेऊन बसायचे आणि मला म्हणायचे, "काय हो गणितवाले, गेली का बघा." मी एकदा म्हटलं, "सर, तुम्ही भुतांचे एवढे जाणकार, आणि पालीला भिता?" तर म्हणाले, "भुतांचा माझा अभ्यास झालाय. पालीचा नाही."

एकटेच राहायचे. बायको लग्नानंतर दोन-तीन वर्षांतच वारली होती. मूलबाळ नव्हतं. मूळ बेळगावचे, तिथं थोरल्या भावाचा भरला संसार होता, पण सर सुट्टीतसुद्धा फारसे तिकडे जात नसत. "मला घर मानवत नाही," एवढंच म्हणायचे.

एका वर्षी इन्स्पेक्टर तपासणीला येणार होते. सिद्रामनं बिचाऱ्यानं शाळा झाडली, सारवली आणि सगळ्या दारांच्या बिजागऱ्यांना तेल घातलं. दुसऱ्या दिवशी सरांनी मॅट्रिकच्या वर्गाचं दार ढकललं तर ते लोण्यासारखं उघडलं. सर तिथंच मटकन बसले.

"सिद्राम, काय केलंस हे?"

"त्याल घाटलं ओ सर. लई वरडत हुतं."

"अरे, ओरडायलाच पाहिजे ते! चार महिने मिठाचं पाणी घालून घालून गंजवली होती मी. ती बिजागरी नव्हती, सिद्राम. ते माझं तिसरं प्रकरण होतं!"

पण हुदलीकर सर हार मानणारे नव्हते. तपासणीच्या वेळी दार मुकाट उघडलं तेव्हा त्यांनी करकर तोंडानं काढली. इन्स्पेक्टर साहेबांनी वहीतून डोकं वर केलं आणि काळजीनं विचारलं, "दम्याचा त्रास कधीपासून आहे?"

इथपर्यंत सगळं शाळेच्या भिंतींच्या आत होतं. बाहेर पडलं ते सहलीच्या पायी.

सरांची खंत अशी, की पुस्तकातलं घर मुलांच्या डोळ्यांपुढं उभंच राहत नाही. निपाणीच्या मुलानं तसलं घर पाहिलंय कुठं? मग एके दिवशी त्यांना साक्षात्कार झाला. मगदूम अण्णांची तंबाखूची वखार! उंच छप्पर, अगदी वर दोन बारके झरोके, पोत्यांच्या थप्प्यांमधून काळोख्या वाटा. सर हरखून म्हणाले, "आयतं वातावरण आहे हो, लावायलासुद्धा नको." भरमूनं घरी काही न सांगता वखारीची वाट दाखवायचं कबूल केलं. मलाही बरोबर घेतलं. "चाळीस आत गेली तर चाळीस बाहेर आली पाहिजेत. मोजायला गणितवाले हवेत."

शनिवारी दुपारी शाळा सुटल्यावर भरमूनं आम्हाला मागच्या दारानं आत नेलं. वखारीत काम करणाऱ्या बायका पुढच्या बाजूला चिंचेखाली भाकरी खायला बसल्या होत्या, त्यामुळे आत कुणी नव्हतं. सरांनी मुलांना थप्प्यांच्या मधे उभं केलं, दार ओढून घेतलं, हात वर केले आणि गोष्टीतलं इंग्रजी वाक्य खर्जात सुरू केलं. अंगावर काटा आलाच होता, तेवढ्यात पहिली शिंक आली.

तंबाखूची धूळ ती. पहिलीमागून दुसरी, दुसरीमागून दहा. दोन मिनिटांत चाळीस मुलं शिंकत होती, डोळे चोळत होती. "घाबरा!" सर ओरडत होते, "घाबरा म्हणतो ना, ती सावली जिन्याव... आक्छी! जिन्यावरून... आक्छी!" मी मोजायला गेलो आणि शिंकेगणिक आकडा चुकत गेला.

नेमकी तेव्हाच एक तरणी कामगार बाई विसरलेला तांब्या घ्यायला आली. तिनं दार उघडलं. बाहेरच्या लख्ख उजेडातून आलेली ती. तिला दिसलं काय, तर धुळीच्या लोटात हात वर केलेली एक काळी आकृती, तांबडेलाल डोळे, तोंडानं इंग्रजी, आणि भोवती अंधारातून चारी बाजूंनी चित्कार. ती बाई एक किंकाळी फोडून जी पळाली ती थेट घरी.

सोमवारपर्यंत भूत छपराच्या आढ्याला टेकलं होतं. त्याला चाळीस तोंडं होती. आणि ते इंग्रजी बोलत होतं, ह्याबद्दल तर कुणाचंच दुमत नव्हतं. तीस-पस्तीस बायका वखारीबाहेर उभ्या राहिल्या, आत पाऊल टाकायला एक तयार होईना. तंबाखू चाळायचा, काडी निवडायची, सगळं काम ठप्प. मगदूम अण्णा हेडमास्तरांच्या खोलीत आले. ते शाळेच्या कमिटीवर होते. खोलीत हुदलीकर सर आणि साक्षीदार म्हणून मी.

"हेडमास्तर," अण्णा खुर्चीवर न बसताच म्हणाले, "माझ्या आज्ज्याच्या काळापासनं ती वखार हाय. उंदीर हुतं, घुशी हुत्या, एकदा नाग निघालता. पर भूत कवा न्हवतं. ह्या सरांनी आणून सोडलं."

"अण्णा, भूत नाही ते," सर म्हणाले, "ती एक साहित्यातली..."

"मला ठाव हाय न्हाय म्हणून! बायकांस्नी कोन सांगायचं? साधं भूत असतं तर देवर्षी आणून काढलं असतं. हे इंग्रजी बोलतंय. इंग्रजी समजणारा देवर्षी मी कुठनं आणू, सांगा की!"

हेडमास्तरांनी घाम पुसला. शेवटी ठरलं ते असं : आठ दिवसांत बायका कामावर आल्या तर ठीक. नाहीतर पुढच्या कमिटीत ते पुस्तक बंद. आणि अण्णा गेल्यावर हेडमास्तर हळूच म्हणाले, "हुदलीकर, पुस्तकाबरोबर तुमचाही विषय निघेल. माझ्या हातात काही राहणार नाही."

सरांचा चेहरा पडला. अकरा वर्षांची नोकरी, वय पंचेचाळिशीच्या पुढं, दुसरीकडे कोण ठेवून घेणार? वाटेत मला म्हणाले, "त्या बायकांनी मधलंच एक पान पाहिलंय हो. शेवट कुठं माहिताय त्यांना? शेवटी भूत नसतंच. जाऊन सांगतो."

"सगळी कादंबरी? वखारीतल्या बायकांना?"

"मग काय, शाळा न शिकलेल्यांना गोष्ट कळत नाही होय?"

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत आम्ही चिंचेखाली हजर. बायका भाकरी सोडत होत्या. त्यांची म्होरकी तायव्वा, पन्नाशीची, धिप्पाड, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. तिनं सरांना आपादमस्तक न्याहाळलं आणि म्हणाली, "बाई बाई, ह्योच की गं त्यो! काळा कोट!" बायका दोन हात मागं सरकल्या.

सर उभे राहिले. भर उन्हात, खिडकी नाही, दार नाही, वातावरणाचा मागमूस नाही. बायका कचाकचा कांदा खात होत्या. सरांनी टोपी नीट केली आणि सुरुवात केली. पहिल्या दिवशी गोष्ट कुणी ऐकलीच नाही. दुसऱ्या दिवशी तायव्वानं मधेच अडवलं, "त्ये अमेरिकेचं नाव काय घेताय, त्वांडात बसंना. इनामदार म्हणा की." घरधनी इनामदार झाला. त्याच्या बहिणीला 'थोरली' नाव पडलं. टेकडी ही शेजारच्या गावाची झाली. धुकं काय असतं ते सांगायला सर अडखळले, तर एकजण म्हणाली, "चाळण मारताना धूळ उडती, तसलं न्हवं?" सर म्हणाले, "अगदी तसलं."

तिसऱ्या दिवसापासून बायका सरांच्या आधी येऊन बसायला लागल्या. इनामदाराला शिव्या देऊ लागल्या, आणि त्या शिव्या अशा अस्सल होत्या की मी तरी दुसरीकडे बघायचो. गोष्टीत वारा सुटला की सर वारा काढायचे आणि बायका पदर सावरायच्या. पाचव्या दिवशी चिंचेची सावली सरकली. बायका सावली धरत धरत भिंतीशी आल्या, मग दाराशी, मग उंबऱ्याच्या आत. जिन्यावर पाऊल वाजत होतं, अशा वेळी कुठं बसलोय ते कोण बघतो? तीस-पस्तीस बायका भर वखारीत पोत्यांना टेकून बसल्या होत्या. अण्णा दारात आले, हे पाहिलं, तोंड उघडलं. तायव्वानं मागं न बघताच हात केला, "श्श! बसा तिथंच." अण्णा स्वतःच्या वखारीत एका पोत्यावर मुकाट बसले.

सहाव्या दिवशी दार फुटलं. थोरली जिवंत निघाली. वखारीत कुणी हललं नाही. दोघी-तिघी डोळे पुसत होत्या. सरांनी पुस्तक मिटलं, विजयी मुद्रेनं म्हणाले, "तेव्हा बायांनो, भूत नव्हतंच. सिद्ध झालं?"

"त्ये झालं ओ," तायव्वा म्हणाली. "भूत न्हाय, म्हाईत झालं. पर सर, वीस वरसं तिला जेवाय कोन घालत हुतं?"

 सरांनी पुस्तक उघडलं, चार पानं पुढं, चार पानं मागं केली. "तसं काही दिलेलं नाही."

"ल्हिणाऱ्याला इचार पडला न्हाय व्हय? मानूस हाय म्हटल्यावर पोट हाय की. कोनतरी ताट देत असंल."

"असेल," सर म्हणाले. मग बराच वेळ पुस्तकाच्या पुठ्ठ्यावरून अंगठा फिरवत राहिले. "धाकटा भाऊ असेल. लहान असेल, सहा-सात वर्षांचा. त्याच्याकडेच देत असतील. दाराशी ताट ठेवायचं, दोनदा कडी वाजवायची आणि पळत सुटायचं."

"पळाय काय झालं? भन न्हवं ती त्याची?"

"भीती वाटायची," सर म्हणाले.

बाकीच्यांना कदाचित जाणवलं नसेल. मी मास्तर माणूस, काळ चुकला की कानाला लागतो. 'वाटत असेल' म्हणायला हवं होतं. सर 'वाटायची' म्हणाले होते.

तायव्वा त्यांच्याकडे पाहतच राहिली. मग जरा मऊ आवाजात म्हणाली, "ल्हान हुतं लेकरू. त्याचा काय दोष? पर म्होरं मोठं झाल्यावर तर जायाचं की ओ बघाय."

सरांनी पुस्तक काखेत मारलं. बायका उठून चाळण्यांकडे गेल्या, अण्णांनी सरांचा हात हातात घेऊन दोनदा दाबला आणि आम्ही बाहेर पडलो. नोकरी वाचली होती, पुस्तक वाचलं होतं. मी पेढ्यांची गोष्ट काढली. सर ऐकत नव्हते.

"काय हो गणितवाले," ते म्हणाले, "बेळगावची सर्व्हिस मोटार किती वाजता असते?"

मोटारीच्या थांब्यापर्यंत जाताना त्यांनी मला सांगितलं. वाक्यं तुटक, एकामागून एक, जणू हजेरी घेतायत. थोरली बहीण. सांबऱ्याला दिली होती. पंधराव्या वर्षी नवरा गेला आणि परत आली. केस काढले, लाल आलवण नेसवलं आणि घराच्या मागच्या बाजूला कोठीची खोली होती, तिथं बसवली. विधवेला कोपऱ्यात बसवायची रीत वर्षाची. पण वडील कडक होते, आल्यागेल्याच्या नजरेला पडू नये म्हणाले, आणि ते वर्ष सहा वर्षं चाललं. वडील गेल्यावर बाहेर आली ती स्वयंपाकघरात. तेव्हापासून थोरल्या भावाच्या घरी चुलीपुढं आहे.

"मी तिच्याशी गेल्या वीस वर्षांत धड बोललेलो नाही," सर म्हणाले. "गेलो की ती पाणी आणून ठेवते. मी पितो. परत येतो."

"का?"

"काय बोलणार? ताट ठेवून पळायचो, ते बोलू?"

मोटार आली. बोनेटातून वाफ सोडत ती जोरात फुरफुरली, तसे सर दचकून माझ्या मागं झाले. मग टोपी घट्ट दाबून चढले.

अकरा वर्षांत त्यांनी पहिल्यांदाच रजा घेतली होती. चार दिवसांनी परतले तेव्हा बरोबर एक बुटकी, वाळकी म्हातारी होती, लाल आलवणातली, हातात एक बोचकं. थोरल्या भावानं आकांडतांडव केलं म्हणे, लोक काय म्हणतील, घरात स्वयंपाक कोण करील. सरांनी भावाला काय सांगितलं ते मला कधी कळलं नाही. एवढंच म्हणाले, "माझे पाय लटपटत होते हो. पण बोललो."

पुढच्या रविवारी दुपारी माझ्या बायकोनं त्यांच्यासाठी लोणच्याची बरणी दिली, ती घेऊन मी गेलो. सरांच्या आक्का बाहेरच्या ओट्यावर, रस्त्याच्या अगदी तोंडाशी, सूप घेऊन तांदूळ निवडत बसल्या होत्या. येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाकडे निरखून बघत होत्या. एक बैलगाडी गेली, ती वळेपर्यंत बघितली. आत सर जमिनीवर पंचा अंथरून पडले होते, पोटावर पुस्तक.

"या, बसा," आक्का म्हणाल्या. आवाज चांगला खणखणीत. "तुम्ही गणितवाले ना? वाशा सांगत होता. हा आमचा वाशा शाळेत शिकवतो तरी काय हो? विचारलं तर सांगत नाही, लाजतो."

मी जरा घुटमळलो. "भुतांच्या गोष्टी सांगतात."

आक्कांचा सुपातला हात थांबला. "अजून?"

"म्हणजे?"

"अहो, लहानपणी ताट ठेवायला यायचा. कडी वाजवायचा आणि धूम. पाय वाजलेले ऐकू यायचे मला, पार अंगणापर्यंत. मला वाटायचं, घटकाभर थांबावा. दिवसभरात तेवढंच एक माणूस यायचं दाराशी. मग मी आतून रामाची गोष्ट सांगायला लागले. पळाला. कृष्णाची सांगितली. पळाला. एक दिवस म्हटलं, वाशा, मागच्या विहिरीवर काल काय दिसलं सांगू का? तर थांबला."

"काय दिसलं होतं?"

"मला काय दिसणार? त्या खोलीला झरोकासुद्धा नव्हता." आक्का हसल्या. "मी आपली रोज एक नवं भूत करायची. कधी विहिरीवरचं, कधी पिंपळावरचं. घाबरायचा, रडायला यायचा, पण दाराला पाठ लावून बसून राहायचा. कधीकधी माझं जेवण होईपर्यंत बसायचा."

मी आत पाहिलं. सर झोपेत तोंड उघडं टाकून घोरत होते.

"ह्याला आठवत नसेल वाटलं होतं मला," आक्का म्हणाल्या. "तर इथं आल्यावर पहिल्याच दिवशी म्हणतो, आक्का, एखादी सांग. एवढा घोडा झालाय, आणि सांगायला बसलं की पाच मिनिटांत हे असं. घर्र घर्र."

"मग तुम्ही थांबता?"

"थांबू कशाला?" आक्का पुन्हा तांदळाकडे वळल्या, एक खडा वेचून बाहेर टाकला. "झोपेना का. इथं आहे ना."